शब्द सुचत नाहीत तेव्हाची प्रार्थना

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडून घेऊ. तासगावजवळ दीड एकर द्राक्षबाग आहे. यजमानांचं डायलिसिस वर्षभर मिरजेत चालू आहे, आठवड्यातून तीनदा. रात्री प्रार्थनेला बसलं की शब्द येत नाहीत आणि बायबल उघडलं की राग येतो. चर्चच्या मंडळीतल्या एका बहिणीने सांगितलं, ‘विश्वास कमी पडतोय.’ दुसरीने सांगितलं, ‘देव तुमची छाटणी करतोय.’ दहा वर्षांचा मुलगा विचारतो, ‘पप्पा बरे होतील ना?’ आणि तुम्ही विचारताय की यात आशा आणायची कुठून.

रागापासूनच सुरुवात करू, कारण तुम्हाला तो पाप वाटतोय. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यांतली साधारण एक तृतीयांश गाऱ्हाण्याची आहेत. देवाच्या तोंडावर ‘का?’ आणि ‘कोठवर?’ असं विचारणारी. ती मंडळीने उपासनेत गायची म्हणून जपून ठेवली गेली. ईयोबाच्या पुस्तकात तर निकालच लागलेला आहे. सगळं गमावलेला ईयोब पानंच्या पानं देवाशी भांडतो आणि त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला शिकवत राहतात. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, माझ्याविषयी माझा सेवक ईयोब नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. त्याच मित्रांनी सुरुवातीला सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर नुसतं बसून काढले होते. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि चुकले. म्हणून तुमचा राग दाबू नका, तो देवाकडेच न्या. ज्याच्यावर विश्वास उरलेला नाही त्याच्याशी माणूस भांडत बसत नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगतो. स्तोत्र १३ घ्या. फक्त सहा वचनं आहेत आणि त्यांचे सरळ तीन भाग पडतात. पहिल्या दोन वचनांत तक्रार आहे. चार वेळा ‘कोठवर’ येतं: कोठवर विसरणार, कोठवर तोंड फिरवणार, कोठवर मी मनात कुढायचं, कोठवर वैरी वरचढ राहणार. पुढच्या दोन वचनांत मागणं आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, डोळ्यांत प्रकाश घाल. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आहे. मुलाची एखादी अर्धी वापरलेली वही घ्या. तीन रिकाम्या जागा सोडा आणि तुमच्या शब्दांत भरा. पहिल्या जागेत चार ओळी, प्रत्येक ‘कोठवर’ने सुरू होणारी. ‘कोठवर पहाटे साडेचारला उठून गाडी गाठायची’ हेसुद्धा चालतं. शुद्ध बायबलची भाषा नको. दुसऱ्या जागेत एकच मागणं, आजच्यापुरतं आणि नेमकं. ‘सगळं ठीक कर’ असं नको. ‘आज सुई लावताना त्यांना त्रास कमी होऊ दे’ असं. तिसऱ्या जागेत एक ओळ, आणि ती सुचली नाही तर जागा रिकामी ठेवा. दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका.

ती तिसरी जागा जबरदस्तीने भरली की सगळं बिघडतं. बहुतेक जण तक्रार उरकून घाईने ‘तरी पण प्रभू चांगला आहे’ लिहून मोकळे होतात. मग दोन दिवसांनी वही खोटी वाटू लागते आणि बंद पडते. स्तोत्र ८८ मध्ये ती तिसरी जागा नाहीच. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेडाचं एकही वचन नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि त्याची सुरुवात ‘माझ्या उद्धारक देवा’ या हाकेने होते. हाक मारली, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. तुमच्याही वहीत असे दिवस येतील. त्या दिवशी नुसती तारीख घाला.

वेळेनुसार काय वाचायचं, हेही ठरवून ठेवलेलं बरं, कारण दमलेल्या माणसाला निवड करणं जड जातं. पहाटे निघताना स्तोत्र १२१ वाचा. आठ वचनं आहेत, गाडीत मिनिटभरात मनातल्या मनात होतं. मूळचं ते यरुशलेमेची चढण चढणाऱ्या यात्रेकरूंचं गाणं, म्हणून ‘तुझे जाणे-येणे’ हे शब्द त्यात आहेत. डायलिसिसच्या खोलीबाहेर चार तास बसायचं असतं तिथे स्तोत्र ४२ आणि ४३ सलग वाचा. त्यात एकच कडवं तीनदा येतं, माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू असा का खचलास. तीनदा विचारावं लागतं, कारण एकदा विचारून मन ऐकत नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. मध्यरात्री झोप उडाली तर ७७. त्यात लिहिणारा स्पष्ट म्हणतो की तू माझे डोळे मिटू देत नाहीस आणि मला बोलवतही नाही. तुमची तक्रार तीच आहे. पहाटेच्या आधीच्या वाईट तासासाठी १३०, ज्यात पहारेकरी सकाळची वाट पाहतो आणि ती ओळ लागोपाठ दोनदा येते. एकदा ठरलेलं स्तोत्र महिनाभर बदलू नका. नवनवीन वचनं शोधण्यात शक्ती जाते आणि एकही अंगी लागत नाही.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवेल ते वचन आपल्यासाठी मानायचं, ही सवय असेल तर सोडा. चांगल्या दिवशी ती निरुपद्रवी असते, पण वाईट दिवशी बोट एखाद्या शापाच्या वचनावर पडतं आणि माणूस आठवडाभर उठत नाही. तसंच कॅलेंडरवरच्या आणि मोबाईलवर फिरणाऱ्या वचनांचं. यिर्मया २९:११ तुम्हाला वर्षभरात कित्येकदा आलं असेल, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, असं ते वचन. पण ते बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात लिहिलंय की सत्तर वर्षं लागतील. त्याच पत्रात लोकांना सांगितलंय की घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा. म्हणजे लांब मुक्कामाची तयारी करा. डायलिसिसच्या घरात हे पत्र पूर्ण वाचलं तर आधार देतं आणि एकच ओळ तोडून वाचली तर फसवणूक वाटते. ‘मी सर्व काही करू शकतो’ या फिलिप्पैकरांस पत्रातल्या वचनाचंही तेच. आधीच्या ओळीत पौल भुकेलं राहायला आणि विपन्न राहायला शिकल्याचं सांगतोय, तेही बंदिवासातून.

जुन्या भाषांतराची मराठी आत्ता जड वाटत असेल तर सोप्या मराठीतलं घ्या किंवा मोबाईलवर ऐका. वाचणं हीच भक्ती आणि ऐकणं कमी प्रतीचं, असं काही नाही. पहिल्या मंडळ्यांतल्या बहुतेकांनी वचन ऐकलेलंच होतं.

गाणं तर वाचण्याआधी येतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी शेवटची वर्षं साताऱ्यात काढली. १९१७ च्या सुमारास ते तिथे आले आणि १९१९ मध्ये वारले. ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि ओवीत गायची हा त्यांचा आग्रह होता, आणि तो का होता हे अडचणीच्या काळात कळतं. जात्यावर आई-आजीने ज्या चालीत दुःख सांगितलं त्या चालीत शब्द आपोआप येतात. तुमच्या मंडळीच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं, चाल तोंडात बसलेलं एक भजन निवडा आणि भाकऱ्या थापताना गुणगुणा. अर्थाकडे लक्ष गेलं नाही तरी चालेल.

आता त्या दोन बहिणींचं बोलणं.

‘विश्वास कमी पडतोय’ याला शास्त्रात आधार शोधायला गेलं तर उलटंच सापडतं. मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आजारी मुलाला घेऊन येतो आणि रडत ओरडतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला हात द्या. येशू त्याला परत पाठवत नाही, आधी विश्वास पुरा करून ये म्हणत नाही. मुलगा बरा होतो. दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात आणि छप्पर उसकून खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, कोणी मोजलं नाही. मंडळी असते ती यासाठी. तुमचा विश्वास थकलाय तेवढे दिवस चौघांच्या खांद्यावर जायचं. आणि जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं की पाप कोणाचं, याचं की आईबापांचं, तेव्हा प्रभूने दोन्हीला ‘नाही’ म्हटलं. मूत्रपिंडं मधुमेहाने आणि रक्तदाबाने निकामी होतात, आणखीही वैद्यकीय कारणं असतात. ती कारणं डॉक्टरांना विचारा, प्रार्थना सभेत नको.

‘छाटणी’चं बोलणं मात्र थोडं सविस्तर पाहू, कारण ते तुमच्याच बागेतून उचललंय आणि चुकीचं जोडलंय. योहान १५ मध्ये बाप फळ देणाऱ्या फाट्याला साफ करतो असं आहे. पण लगेच तिसऱ्या वचनात प्रभू शिष्यांना म्हणतो की मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही शुद्ध झालाच आहात. मूळ ग्रीकमध्ये ‘साफ करणे’ आणि ‘शुद्ध’ हे एकाच धातूचे शब्द आहेत. म्हणजे तिथली कात्री वचनाची आहे. घरधन्याची किडनी निकामी करणं ही छाटणी, असं त्या अध्यायात कुठेही लिहिलेलं नाही. दुःखातून देव धीर घडवतो हे खरं, पौलाने रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ते क्रमाने सांगितलंय: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. पण घडवतो म्हणजे त्यानेच आजार पाठवला, ही उडी आपण मारायची नाही, आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहून तर मुळीच नाही.

त्या अध्यायातला खरा शब्द आहे ‘राहा’. माझ्यामध्ये राहा. आणि तो तुमच्याइतका कुणाला कळणार नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बाग कशी दिसते? ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एक-एक डोळ्याचे, म्हणजे अंकुराचे, खुंट, पान नाही, सावली नाही. नवख्या माणसाला वाटावं की बाग मेली. पुढच्या फेब्रुवारी-मार्चला जो घड उतरायचा तो त्या छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ठरतो. तेव्हा बाहेरून बघून काही कळत नाही. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरच घड दिसतो. ऑक्टोबरची फळछाटणी झाल्यावर तो बाहेर येतो. त्या महिन्यांत काडी घडासाठी वेगळं काही करत नाही, वेलीला धरून असते आणि रस येत असतो. प्रार्थनेत काही वाटत नाही म्हणून आत काही चाललेलं नाही, हा निष्कर्ष तुम्ही बागेत काढणार नाही, स्वतःच्या बाबतीतही काढू नका.

विलापगीतही याच नजरेने वाचा. पाच अध्याय आहेत. ‘त्याची दया रोज सकाळी नवी होते’ हे सगळ्यांना पाठ असलेलं वचन तिसऱ्या अध्यायात, म्हणजे पुस्तकाच्या मधोमध आहे. आपण समजतो की रडून झाल्यावर शेवटी आशा येते. इथे आशा मध्ये येते, तिच्यानंतर पुन्हा रडणं सुरू होतं आणि पुस्तक संपतं तेव्हाही प्रश्न मिटलेला नसतो. मंगळवारी धीर वाटला आणि गुरुवारी पुन्हा कोसळलात, तर तुम्ही मागे गेला नाहीत.

शरीराचं सांगतो, कारण इथे भक्तिमान माणसं फार चुकतात. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावतो. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी, डोंगरावर. तुम्ही पहाटे उपाशी निघता आणि दुपारी तीनला जेवता, असं लिहिलंय. त्यावर आधी उपाय करा. सोबत भाकरी-भाजीचा डबा न्या आणि यजमान यंत्रावर असताना जेवून घ्या. त्यांच्यासाठी उपवास धरायचा विचार असेल तर आत्ता धरू नका. आणि त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करायचाच नाही. औषध बंद करून बघा, यंत्र सोडा आणि विश्वासाने चाला, असं कोणी एखाद्या सभेत सांगितलं तर तिथून उठून या. डायलिसिसच्या फेऱ्या चुकवल्या तर अंगात पाणी आणि पोटॅशियम साठतं आणि जीव जातो. आपल्या भागात तर प्रार्थना आणि औषध हे कधी वेगळे नव्हतेच. मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं ते सुवार्तेचंच काम म्हणून.

भेटायला येणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. आजाऱ्याकडे जाताना आपल्याकडे शहाळं आणि केळी नेतात. दोन्हींत पोटॅशियम भरपूर आहे. डायलिसिसच्या माणसाच्या हृदयाचे ठोके त्याने बिघडू शकतात. प्रेमाने आणलेलं असतं, नाही म्हणवत नाही, म्हणून निरोपातच सांगा.

मंडळीकडे मदत मागायची पद्धतही बदला. ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि मंगळवारी पहाटे तुम्ही एकट्याच असता. लोक वाईट नसतात, काय करायचं ते त्यांना कळत नाही. पाळकसाहेबांना किंवा महिला मंडळाच्या ताईंना कागदावर चार ओळी लिहून द्या: महिन्यातले दोन शनिवार यजमानांसोबत मिरजेला कोण जाईल, मंगळवारी मुलाचा डबा आणि शाळा कोण बघेल, छाटणीच्या दिवशी दोन माणसं बागेत कोण देईल, पाळकसाहेब घरी कधी येतील. एका कामापुढे एकच नाव लिहायचं. ‘सगळे मिळून बघू’ असं लिहिलं की कोणीच बघत नाही. एकमेकांची ओझी वाहा, ही गलतीकरांस पत्रातली आज्ञा आहे, म्हणजे मागण्यात लाज नाही. खर्चाचा भार असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा.

पाळकसाहेब घरी येतील तेव्हा दहा-पंधरा मिनिटं पुरे. एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना आणि यजमानांची इच्छा असेल तर याकोबाच्या पत्रात आहे तसा तेलाचा अभ्यंग. उपदेश नको, हे तुम्ही आधी सांगू शकता. चांगला पाळक वाईट वाटून घेणार नाही. प्रभुभोजनही घरी मागा. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून असतं, पण त्यातला घोटभर द्राक्षरस त्या मापात बसतो. आणि यजमान स्वतः गप्प असतील तर त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचू नका. आधी विचारा, ‘वाचू का?’ नाही म्हणाले तर हात धरून बसा. त्यांच्या अंगावर आता त्यांच्या मर्जीचं फार थोडं उरलंय, त्यात हा नकार त्यांना घेऊ द्या.

एक प्रश्न तुम्हाला सरळ विचारतो. ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं मनात येतं का? झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त गेली आहे का? बाग, मुलगा, गाणं, कशातच मन लागत नाही का? तसं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो, जसा किडनीला लागतो. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. एलीयानेही मरण मागितलं होतं आणि देवाने त्यासाठी त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही.

रविवारी देवळात गाताना गळा दाटून येतो म्हणून तुम्ही जाणं सोडलंय. जा, मागच्या बाकावर दाराजवळ बसा आणि गाऊ नका. इतरांचं गाणं अंगावरून जाऊ द्या. उपासना संपायच्या आधी उठून आलात तरी चालेल, म्हणजे ‘आता कसे आहेत?’ या प्रश्नाला दहा जणांना उत्तर द्यावं लागणार नाही.

आता तुमच्या मुलाचं. ‘प्रार्थना केलीस तर पप्पा बरे होतील’ असं त्याला सांगू नका. बरे झाले नाहीत तर तो स्वतःच्या प्रार्थनेत खोट काढेल आणि तो दोष आयुष्यभर वाहील. खरं सांगा, सोप्या शब्दांत: पप्पांची किडनी काम करत नाही, ते काम यंत्र करतं, म्हणून आपण मिरजेला जातो. दुसरी किडनी बसवता येईल का ते डॉक्टर सांगतील. पुढे काय होईल ते आईलाही माहीत नाही. आपण देवाकडे बरं व्हायचंच मागणं करतो, आणि काहीही झालं तरी तो आपल्याला सोडत नाही. तो रडला तर रडू द्या, लाजराच्या कबरेपाशी येशूही रडला होता. मग त्याला एक काम द्या. स्तोत्र १२१ ची आठ वचनं, आठवड्याला एक, पाठ करून डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी पप्पांना म्हणून दाखवायची. चुकला तर पप्पांनी दुरुस्त करायचं.